न वापरलेल्या विजेचं बिल

या, इकडे सभामंडपाच्या खांबापाशी सरकून बसा. बुवांची गाडी घाटाखाली पंक्चर झाली आहे, त्यांना यायला अजून तासभर तरी लागेल. तोवर टाळ मांडीवर ठेवून गप्प बसण्यापेक्षा एक गोष्ट ऐका. पुराणातली नाही, विजेच्या बिलाची आहे. हसू नका. मी ती घरातसुद्धा अर्धीच सांगितली आहे. आज पुरी सांगतो.

श्रावणातली एकादशी होती. दुपारचे पावणेचार वाजलेले. तालुक्याच्या वीज कार्यालयात बिलांच्या खिडकीवर मी कारकून होतो. कपाळाला सकाळीच बुक्का लावला होता, डबा पिशवीत भरून ठेवला होता. चारला मारुतीच्या देवळात पिंपळकर बुवांचं कीर्तन होतं आणि बुवा आमच्या गावाला तीन वर्षांनी येत होते. पावणेचारला सुटायची परवानगी मी साहेबांकडून आधीच काढली होती. खुर्ची मागे सरकवली, तेवढ्यात खिडकीच्या जाळीखालून चार घड्या घातलेलं एक बिल आत आलं.

"उदावंत साहेब, ह्ये पुन्हा आलं."

सोजरबाई गवारे. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचं शेवटचं घर तिचं. नवरा सोपान वारून सहा वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची लेक द्वारका, दोघीच. द्वारका सव्वीस-सत्तावीसची असेल. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले होते. शिलाई ती शिकली, हात सुरेख होता, पण मशीन पायानं चालवायची कशी? मग समाजकल्याणच्या एका शिबिरात तिला मशीनला जोडायची छोटी मोटार मिळाली, आणि त्या मोटारीसाठी सोजरबाईनं एक शेळी विकून घरात वीज घेतली. तेव्हापासून लग्नसराईत पार पेठेतल्या बायका ओढा ओलांडून द्वारकाकडे ब्लाऊज शिवायला येत. दोघींचं वर्ष त्या चार-पाच महिन्यांच्या शिलाईवर निघायचं.

"बाई, गेल्या महिन्यातही सांगितलं होतं ना?" मी घड्याळाकडे बघत म्हणालो.

"सांगितलं व्हतं. मला उमगलं न्हाई. आखाडापासून एक झंपर शिवायला आलं न्हाई. मोटार फडक्यात बांधून ठिवली. बल्ब जेवणापुरता. आन तरी सव्वाशे रुपये? मीटर पळतंय तुमचं."

"मीटर बरोबर आहे. हे बघा, युनिटं सात."

"सात युनिटाचे सव्वाशे?"

"सात युनिटांची वीज वीस-बावीस रुपयांची. बाकी हा स्थिर आकार. हा वहन आकार. त्यावर सरकारचं शुल्क."

"त्यो वहन कोण आन?"

तिच्या मागे पिठाच्या गिरणीवाला किसन बोराडे उभा होता. तो हसला. "मावशी, त्यो लई खादाड हाय. माझ्या गिरणीत माझ्याआधी त्योच जेवून जातो."

"तू गप रे," सोजरबाई म्हणाली. "साहेब, सांगा."

मी सांगितलं. तसं सांगायला मला आवडायचं, बुवा पूर्वरंगात एकेक पदर उलगडतात ना, तसं. म्हणालो, "वीज दूर तयार होते. तिथून तुमच्या दारापर्यंत तारांवरून येते. खांब, तारा, डीपी, वायरमनचा पगार, ह्याला खर्च आहे. तो सगळ्या ग्राहकांत वाटून घ्यायचा. वहन आकार युनिटमागे असतो, जितकी वीज तितका. स्थिर आकार मात्र दर महिन्याला ठरलेला. वीज वापरा, नका वापरू."

"म्हंजी तारंचं भाडं."

"तसंच म्हणा."

"कुणी ठरिवलं?"

"वीज नियामक आयोगानं. कंपनी आपला खर्च मांडते, आयोग तपासतो, लोकांचं म्हणणं ऐकतो आणि मग दर ठरवतो. कंपनीला मनाला येईल तो आकडा लावता येत नाही."

"लोकांना इचारतो? आमाला कवा इचारलं?"

"पेपरात जाहीर सूचना येते, बाई."

"मला वाचता यीना."

चारला सात मिनिटं कमी होती. देवळाकडून पेटीचे सूर लावल्याचा आवाज यायला लागला होता. लाउडस्पीकरचं तोंड आमच्या कार्यालयाकडेच होतं.

सोजरबाईनं जाळीला धरलेली बोटं सोडली आणि एकदम निर्णय घेतल्यासारखी म्हणाली, "मंग तार काढा. लग्नसराई लागस्तोवर काढा. आमाला लागत न्हाई तवर भाडं कशापायी भरू? तुळशीचं लगीन लागलं की पुन्हा जोडा."

"बंद करायचं म्हणता?"

"हां. बंद करा."

आता इथं नीट ऐका. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात छापील अर्जांचा गठ्ठा होता: वीजपुरवठा कायमस्वरूपी बंद करण्याबाबत. नाव घालायचं, ग्राहक क्रमांक घालायचा, अंगठा घ्यायचा. दोन मिनिटांचं काम. दुसरा रस्ताही होता. सध्या पुरवठा थांबवा, क्रमांक राहू द्या, असा साधा अर्ज हातानं लिहायचा, साहेबांपुढे न्यायचा, साहेब चार प्रश्न विचारणार, त्यांची उत्तरं द्यायची. स्थिर आकार तरीही थोडा चढत राहिला असता आणि ते सोजरबाईला पटवताना अजून अर्धा तास गेला असता. पण तिचा क्रमांक राहिला असता.

मी डावा खण उघडला.

"पुन्हा जोडाल नव्हं?" अंगठ्याची शाई पदराला पुसत तिनं विचारलं.

"अर्ज केला की जोडतात," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. म्हणून तर मला ते इतक्या सहज बोलता आलं.

चार वाजून दोन मिनिटांनी मी जिना उतरलो. देवळात पोचलो तेव्हा बुवांनी नुकताच नमनाचा श्लोक संपवला होता. मला अगदी पुढे जागा मिळाली, मृदंगाच्या शेजारी.

दोन दिवसांनी वायरमन इस्माईल पठाण तोडणीची यादी घेऊन माझ्याकडे आला. वीस वर्षं एका कार्यालयात काढलेली, आम्ही एकमेकांना एकेरीत बोलायचो.

"उदावंत, ही गवाऱ्यांची पोरगी शिवणकाम करते ना?"

"करते."

"मग कायमची वायर काढायची?"

"त्यांचाच अर्ज आहे."

"वाचून दाखवला होतास ना?"

"इस्माईल, साहेबांची सही झालीय. काढ वायर."

त्यानं यादी घडी करून खिशात घातली आणि गेला.

तुळशीचं लग्न लागलं आणि तिसऱ्याच दिवशी सोजरबाई खिडकीवर हजर. चेहरा उजळलेला. "साहेब, जोडा आता. सोळा झंपरं आल्यात. डॉक्टरीणबाईच्या लेकीच्या लग्नाची समदी शिलाई आमच्याकडं दिलीया."

मी नवीन जोडणीचा अर्ज भरला आणि आठवड्यानं कोटेशन निघालं. अनामत, घरापर्यंतची वायर, मीटरचा खर्च, सगळं धरून अडीच हजारांच्या वर. शिवाय कोटेशन भरलं तरी मीटर शिल्लक नव्हते. आधीची नव्वद-एक माणसं वाट बघत होती.

तिनं कोटेशन उलटं धरलं, सुलटं धरलं. मी आकडा वाचून दाखवला.

"म्या तर तार काढा म्हनलं व्हतं, साहेब," ती म्हणाली. "नंबर कुठं काढा म्हनलं?"

खिडकीवर मागे सात-आठ माणसं होती. मी म्हणालो, "बाई, नियम आहे." ती गेली. मागच्याचं बिल मी हातात घेतलं, पण त्याचं नाव मला दोनदा विचारावं लागलं.

त्या रविवारी मी ओढा ओलांडून वस्तीवर गेलो. काय बोलणार होतो ते मला माहीत नव्हतं. इस्माईलनं वायर कापली होती तिथं भिंतीवर रिकामी पट्टी तेवढी राहिली होती. दार उघडं होतं आणि दारातल्या उजेडात द्वारका मशीनपाशी बसली होती. पाय खाली दुमडलेले. उजव्या हातानं ती मशीनचं चाक फिरवत होती आणि डाव्या हातानं कापड पुढे ढकलत होती. चार टाके की थांबायची, कापड सारखं करायची, पुन्हा चार टाके. मोटारीवर ती दिवसाला पाच ब्लाऊज शिवायची, असं सोजरबाई सांगत असे. असं एका हातानं एक तरी होत असेल का, मला शंकाच होती.

"या साहेब," ती म्हणाली. "आई रानात गेलीय खुरपायला. बसा. बुडाखाली ते पोतं घ्या, जमीन ओली आहे."

मी बसलो. भिंतीशी ब्लाऊजांच्या पिशव्या रचलेल्या होत्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. त्यातल्या बऱ्याच पिशव्यांची तोंडं पुन्हा बांधून ठेवलेली दिसली.

"त्या परत न्यायला येणार आहेत," माझी नजर बघून ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला. लग्न तोंडावर आलंय, त्यांना थांबता येत नाही. बरोबर आहे त्यांचं. साहेब, एक विचारू?"

"विचार."

"जुना नंबर परत मिळतच नाही का?"

"चूक ऑफिसची असली तर मिळतो. त्याच नंबरावर, काही न भरता. ग्राहकाचा स्वतःचा अर्ज असला तर नाही."

"चूक कुणाची होती?"

तिथं तांब्यात पाणी होतं. मी ते घेतलं आणि प्यालो. सगळा तांब्या रिकामा केला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

"आई म्हणाली, साहेबांच्या कपाळाला बुक्का होता, कीर्तनाला जायच्या घाईत होते," ती चाक फिरवत म्हणाली. "कसं झालं हो कीर्तन? मला देवळाच्या पायऱ्या चढता येत नाहीत. लाउडस्पीकरवरून इथवर नुसते टाळ ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. कुठली गोष्ट घेतली होती बुवांनी?"

मी तोंड उघडलं. मंडळी, मी कीर्तन ऐकून आलो की माझी बायको म्हणते, आता पुन्हा ऐकावं लागणार. शब्दन्‌शब्द सांगतो मी. आणि त्या दिवशी मला काही म्हणजे काही आठवेना. अभंग आठवेना, उत्तररंगातली कथा आठवेना. मृदंगाच्या शेजारी बसलो होतो एवढंच आठवत होतं.

"चांगलं झालं," मी म्हणालो.

"राहू द्या, सवडीनं सांगा." तिनं मशीनखालून एक वर्तमानपत्राचा कागद काढला. ब्लाऊजचं माप कापायला शिंपी जुनी वर्तमानपत्रं घेतात, तसा तो पाठीच्या भागाचा कापलेला नमुना होता. गळ्याच्या जागी मोठा अर्धगोल गेलेला. "हे बघा. आईनं तुमचं सगळं बोलणं घरी येऊन सांगितलं होतं. ते डोक्यात होतं म्हणून ही जाहिरात दिसली. पण दिसली तोवर कात्री चालून गेली होती."

मी कागद उजेडात धरला. जाहीर सूचना होती. वीजदर फेरआढावा, तारांचे आणि खांबांचे पुढल्या वर्षांचे खर्च, ग्राहकांनी हरकती लेखी पाठवाव्यात, इच्छुकांना जनसुनावणीत बोलता येईल. तारीख होती. शहराचं नाव होतं. हरकत कुठे पाठवायची तो पत्ता मात्र गळ्याच्या अर्धगोलात गेला होता.

"तेवढा पत्ता लिहून द्या," द्वारका म्हणाली. "हरकत मी लिहून ठेवलीय."

पत्ता मला पाठ होता. दर वर्षी त्या सूचनेची एक प्रत आमच्या फलकावर मीच डकवायचो. त्या फलकासमोर उभं राहून ती वाचणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. मी कागदाच्या कडेला पत्ता लिहिला आणि विचारलं, "बोलायला जाणार?"

"न्याल?"

मी हो म्हणालो. एवढं तरी म्हणालो.

पौषात सुनावणी झाली. मी किरकोळ रजा टाकली. इस्माईलनं मेव्हण्याची जीप आणली आणि एक पैसा घेतला नाही. पुढच्या सीटवर द्वारका, मागे सोजरबाई आणि मी. वाटेत सोजरबाई तीनदा म्हणाली, "पोरी, लई बोलू नको. साहेबलोक असत्यात." आणि द्वारका तीनदा म्हणाली, "आई, बोलायलाच चाललोय."

सभागृह मोठं होतं. मंचावर आयोगाचे अध्यक्ष आणि दोन सदस्य. समोर डाव्या हाताला कंपनीचे अधिकारी, फायलींच्या चळती घेऊन. त्यांत आमच्या मंडळाचे अधीक्षक अभियंताही होते. कारखानदारांच्या संघटनेचे लोक पडद्यावर आलेख दाखवून बोलले. ग्राहक संघटनेचे एक वृद्ध गृहस्थ वीजगळतीवर बोलले, कोटीच्या खाली त्यांचा आकडा उतरत नव्हता. मी शेवटून तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मंडळातल्या कुणाची नजर पडू नये म्हणून खांबाआड जागा धरली होती.

मग नाव पुकारलं: द्वारका सोपान गवारे.

ध्वनिक्षेपक उंच दांड्यावर होता. इस्माईलनं तो काढून तिच्या हातात दिला. ती जमिनीवर बसूनच बोलली.

"नमस्कार साहेब. माझी हरकत एवढीशी आहे. तारेचं भाडं नको, असं मी म्हणत नाही. हे इस्माईलभाई भर पावसात खांबावर चढतात, ते मी दारातून बघितलंय. त्यांच्या घरी पगार गेलाच पाहिजे. पण आमच्या वस्तीनं विहीर बांधली तेव्हा ज्याच्या दारात चार म्हशी त्यानं वर्गणी जास्त दिली. आमच्या घरी दोन बायका, आम्हाला कमी लावली. विहीर सगळ्यांची झाली. तुमच्या तारेच्या वर्गणीत सात युनिट जाळणाऱ्याला आणि सत्तर जाळणाऱ्याला स्थिर आकार सारखाच आहे. माझ्या बिलात वीज वीस रुपयांची होती, बाकी तारच होती. गरिबाला वीज महाग पडली तर तो कमी जाळतो. पण कमी जाळून बिल उतरत नसेल, तर तो काय करेल? तो तार सोडतो. आम्ही सोडली. आमच्या वाट्याचा खांबाचा खर्च आता कुणावर पडला असेल, ते तुम्हीच सांगा."

अध्यक्ष लिहीत होते. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "तुमचा ग्राहक क्रमांक, बाई?"

"होता, साहेब. आता नाही. मला बोलायचा हक्क आहे का?"

"आहे, आहे. पण वीज बंद का झाली? थकबाकी होती?"

"एक रुपया नव्हता. परत हवी आहे तर अडीच हजार मागतात. मी मोटारीवर शिवते, पायानं मला जमत नाही."

अध्यक्षांनी डावीकडे पाहिलं. आमच्या अधीक्षक अभियंत्यांनी फाइल चाळली, शेजारच्यानं त्यांच्या पुढे एक कागद धरला. "सर, ग्राहकानं स्वतः कायमस्वरूपी बंदचा अर्ज दिलेला आहे. अंगठा आहे. त्यामुळे नवीन जोडणीचेच नियम लागतात."

"हे खरं आहे, बाई?"

द्वारकानं मान वळवली. इतक्या माणसांतून, खांबाआडून तिनं मला कसं शोधलं देव जाणे. माझ्याकडे बघितलं, अगदी एवढंसं, आणि पुन्हा मंचाकडे वळली.

"अंगठा आईचाच आहे, साहेब," ती म्हणाली.

"मग आम्हाला यात—"

"कळलं, साहेब. हरकत तेवढी लिहून घ्या." तिनं ध्वनिक्षेपक इस्माईलच्या हातात परत दिला.

चूक ऑफिसची असली तर काय होतं, हे तिला माहीत होतं. मीच सांगितलं होतं, तिच्या घरात, तिच्या पोत्यावर बसून.

पुढचं नाव पुकारलं गेलं. एक तेलगिरणीवाले उठले, कारखान्यांना लागणाऱ्या मागणी आकारावर बोलायला लागले. त्यांचं बोलणं मी ऐकत होतो. माझी नोकरीची अकरा वर्षं उरली होती, थोरलीचं लग्न ठरायचं होतं, हेही सगळं मनात येत होतं, खोटं कशाला सांगू. सोजरबाई लेकीच्या खांद्यावर पदर सारखा करत होती. इस्माईल द्वारकाला उचलून न्यायला वाकला. तेलगिरणीवाल्यांचं एक वाक्य अर्ध्यात असताना मी उभा राहिलो.

"साहेब, तो अंगठा मी घेतला."

सगळे वळले. तेलगिरणीवाले चिडले. "अहो, माझी वेळ चाललीय!"

"आपण कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"गंगाधर उदावंत. त्या बिलखिडकीवरचा कारकून. बाईंनी तार चार महिने काढा म्हटलं होतं. तसा अर्ज लिहायला वेळ लागला असता. मी कायमचा छापील कागद पुढे केला."

"वाचून दाखवलात?"

"नाही."

"का नाही?"

"मला कीर्तनाला जायचं होतं."

सभागृह हसलं. मनापासून हसलं, कारखानदार हसले, कंपनीचे लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. सोजरबाईही नाही. ती माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मीच पाय घसरून पडलो होतो आणि मला कुठं लागलं का ते ती पाहत होती.

"हे लेखी द्याल?" अध्यक्ष म्हणाले.

"देतो."

तिथंच, एका निळ्या फायलीवर कागद ठेवून मी लिहिलं. सही केली. अध्यक्षांनी तो कागद अधीक्षक अभियंत्यांकडे सरकवला आणि म्हणाले, "हा दरांचा विषय नाही, ह्याच्यावर आदेश काढायला आम्ही इथं बसलेलो नाही. पण तुम्ही हे वाचा, आणि काय करायचं ते तुम्हाला कळेल."

परतताना एका ढाब्यावर चहाला थांबलो तेव्हा इस्माईल मला बाजूला घेऊन म्हणाला, "गाढवा, हे श्रावणातच का नाही बोललास?" त्यानं माझ्या चहाचेही पैसे दिले.

आठव्या दिवशी द्वारकाचा जुना क्रमांक पुन्हा चालू झाला. काही भरावं लागलं नाही. वायर ओढायला इस्माईलच गेला. डॉक्टरीणबाईंच्या लेकीचं लग्न होऊन गेलं होतं, बरीच गिऱ्हाइकं पेठेतल्या दुसऱ्या शिंप्याकडे गेली होती. त्यांतली निम्मी वैशाखापर्यंत परत आली, निम्मी आलीच नाहीत. मला ज्ञापन, म्हणजे मेमो, मिळालं, एक वेतनवाढ रोखली आणि बदली झाली नव्वद किलोमीटरवर, कंपनीच्या भांडारात. तारांची भेंडोळी आणि जुने मीटर मोजायचे. निवृत्त होईपर्यंत मला पुन्हा खिडकीवर बसवलं नाही. ते बरोबरच केलं.

त्या वर्षीचा दरांचा आदेश चैत्रात आला. सहाशेहून जास्त पानं. भांडारात काम कमी असायचं, म्हणून मी तो सगळा वाचला. स्थिर आकार कमी झाला नव्हता, थोडा चढलाच होता. पण हरकतींच्या प्रकरणात, कारखानदारांच्या चार पानांनंतर, दोन ओळी होत्या. 'अत्यल्प वापर असणाऱ्या ग्राहकांवर स्थिर आकाराचा बोजा तुलनेने अधिक पडतो व त्यामुळे ते वीजजोडणी सोडतात, असे एका ग्राहकाने निदर्शनास आणले. आयोगाने याची नोंद घेतली आहे.'

एका ग्राहकाने. कारखानदारांच्या संघटनेचं नाव होतं, ग्राहक संघटनेचं होतं, तेलगिरणीवाल्यांचंसुद्धा होतं. तिचं नव्हतं.

ती अजून शिवते. पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून इथं देवळात येत नाही. तुमच्यातल्या कुणी तिला पाहिलेलंही नसेल. माझं एवढंच मागणं आहे. मला विसरलात तरी चालेल. आरतीला हात जोडाल तेव्हा, देवाच्या नावाच्या मागून का होईना, एक नाव मनात घ्या: द्वारका सोपान गवारे, ओढ्यापलीकडची वस्ती, शेवटचं घर.